टेकडीच्या वळणावरचे ११ मीटर

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेकडच्या डोंगररांगेत, एका टेकडीच्या पायवाटेवर, वर चढणारं एक कुटुंब आणि खाली उतरणारे तीन सायकलस्वार वळणावर समोरासमोर आले. सहा वर्षांचा मुलगा थोडक्यात वाचला. त्याच्या आजोबांचं उजवं मनगट मोडलं. पुढच्या सायकलस्वाराचा गुडघा आणि कोपर सोलून निघालं. पोलिसांत कुणी गेलं नाही, पण त्या रात्रीपासून मोबाइलवरच्या गटांत जे सुरू झालं ते आठवडाभर थांबलं नाही. एका बाजूनं ‘सायकली बंद करा’, दुसऱ्या बाजूनं ‘लेकरं सांभाळता येत नसतील तर बागेत न्या’.

दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. पुढचा सायकलस्वार माझा जुना विद्यार्थी, आणि आजोबा सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळीतले. दोघांनीही मला तेच विचारलं: चूक कुणाची, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, आधी जागेवर जाऊ, टेप लावू, मग बोलू. दोन्ही घरांच्या संमतीनं हे लिहितोय. नावं दिलेली नाहीत आणि टेकडीचंही नाव घेत नाही, कारण अशी वळणं या रांगेत जागोजागी आहेत.

जागा

औरंगाबाद लेण्यांच्या आसपास फिरलेल्यांना हा मुलूख माहीत आहे. काळा बेसॉल्ट, त्यावर मुरमाचा पातळ थर, बाभळी, बोरी, तरवड, घाणेरी आणि पावसाळ्यानंतर वाळून पायमोज्यांत घुसणारं कुसळी गवत. वरून खाली बीबी का मकबऱ्याचे मिनार दिसतात. उघडा माळ असल्यामुळे सगळं दिसतंय असं वाटतं, आणि माणूस फसतो तो इथेच. दाट जंगलात सायकलवाला आपणहून हळू होतो, कारण पुढचं दिसत नाही हे त्याला कळतं. उघड्या डोंगरावर दोन किलोमीटरवरचं शहर दिसतं, पण दहा पावलांवरच्या वळणापलीकडचं दिसत नाही.

वाट जेमतेम दीड मीटर रुंद आहे. चढताना डाव्या हाताला डोंगराचा उतार आणि उजव्या हाताला पावसानं कापलेली, पुरुषभर खोलीची ओघळ. वळण डावीकडे जातं. आतल्या अंगाला तरवड आणि घाणेरीची एकात एक गुंतलेली जाळी आहे, तिच्या मागे एक बोर. जमिनीवर वाटाण्याएवढे सुटे खडे. त्यावर चाकाला पकड मिळत नाही, आणि चपलेलाही नाही.

त्या दिवशी काय झालं

कुटुंब पाच जणांचं: आजोबा, त्यांचा मुलगा, सून, अकरा वर्षांची नात आणि सहा वर्षांचा नातू. निघायला उशीर झाला होता, पावणेनऊच्या सुमारास ते वळणापाशी पोचले. ऊन समोरून डोळ्यांवर येत होतं. मोठी माणसं बोलत बोलत ओघळीच्या बाजूनं चालली होती. दोन्ही पोरं पुढे, डोंगराच्या बाजूला. नातू बोरीखाली पडलेली बोरं वेचत होता.

पुढच्या सायकलस्वारानं मला जे सांगितलं ते मी जागेवर त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. “सर, मला माणसं दिसली होती. जाळीच्या वरून त्या काकांचं डोकं दिसलं, बाजूला आजोबांचा रुमाल दिसला. सगळे ओघळीकडं होते. म्हणून मी आतल्या बाजूनं काढायचं ठरवलं. तिकडं मोकळं होतं.”

तिकडं मोकळं नव्हतं. तिकडं पोरं होती, आणि ती जाळीपेक्षा ठेंगणी होती.

मुलगा दिसला तेव्हा त्यानं दोन्ही ब्रेक दाबले आणि हँडल बाहेरच्या बाजूला, ओघळीकडे वळवलं. त्याच क्षणी आईनं जिवाच्या आकांतानं हाक मारली: “इकडं ये!” लेकरू आईकडे धावलं, म्हणजे वाट आडवी ओलांडून नेमकं सायकल वळत होती त्याच बाजूला. सायकलस्वारानं सायकल परत आत फेकली, जाळीत आडवी केली आणि स्वतः खड्यांवर घसरला. आजोबा नातवाला धरायला पुढे झाले, पाय खड्यांवरून सटकला आणि तळहात टेकून ओघळीच्या काठावर पडले. नात मात्र डोंगराला पाठ लावून जागच्या जागी उभी राहिली होती. सायकल तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली, तिला धक्काही लागला नाही.

दुसरा सायकलस्वार वरच थांबू शकला. खाली आई-वडील वाटेच्या मधोमध आजोबांना उठवायला वाकले होते, नातू त्यांच्या पायांशी रडत होता, आणि तेवढ्यात तिसरा आला. मागे अजून एक आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो दुसऱ्याच्या सायकलीला घासत, पाय जमिनीला रोवत दोन-तीन हातांवर थांबला. मला विचाराल तर त्या सकाळचा सगळ्यांत भयंकर क्षण हाच. पहिल्या वेळी मुलाला निदान पळायला वाव होता.

पुढचं मात्र सगळ्यांनी चांगलं निभावलं. मनगट सुजायच्या आत सुनेनं आजोबांच्या बोटातली अंगठी काढली. उशीर झाला असता तर ती कापावी लागली असती. डोक्याच्या रुमालाची झोळी करून हात गळ्यात बांधला. तिसरा सायकलस्वार रिक्षा धरायला खाली गेला, दुसऱ्यानं पाणी आणि पिशव्या घेतल्या. १०८ ला फोन करायचं ठरत होतं, पण आजोबा चालू शकत होते आणि रस्ता जवळ होता. दवाखान्यात प्लास्टर झालं.

टेप लावल्यावर

पुढच्या रविवारी त्याच वेळेला आम्ही जागेवर गेलो. बरोबर पन्नास फुटी टेप आणि दोन काठ्या होत्या. एका काठीला मुलाच्या उंचीवर, म्हणजे १ मीटर १४ सेंटिमीटरवर, लाल फडकं बांधलं. दुसरीला मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. जाळी मोजली तर सव्वा मीटरच्या थोडी वर भरली. विद्यार्थ्याला सायकलवर बसवून पायापायानं खाली आणलं आणि फडकं दिसलं की थांब म्हटलं. उंच काठीचं फडकं त्याला २२ मीटरवरून दिसलं. मुलाच्या उंचीचं दिसायला त्याला ११ मीटरपर्यंत यावं लागलं.

त्याच्या मोबाइलमधल्या सायकलिंगच्या ॲपवर त्या सकाळची नोंद होती. वळणाआधी वेग ताशी २४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ६.७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत तरबेज माणसाला एक सेकंद लागतो, एरवी दीड. तेवढ्यात ७ ते १० मीटर गेलेच. मुरमाच्या उतारावर ब्रेक धरून वेग सेकंदाला फार तर ३ मीटर प्रति सेकंद एवढा कमी होतो, तोही चाक न घसरता. म्हणजे थांबायला आणखी साडेसात मीटर. बेरीज १४ ते साडेसतरा. दिसत होते ११. तो जागतिक दर्जाचा सायकलपटू असता तरी थांबू शकला नसता.

हाच हिशेब ताशी १५ किलोमीटरला करा. प्रतिक्रियेला चार ते सव्वासहा मीटर, ब्रेकला तीनच्या आत. सात ते नऊ मीटर, ११ च्या आतलं. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, पण तो विद्यार्थी टेपच्या टोकाशी उभा राहून बराच वेळ काहीच बोलला नाही.

आता कुटुंबाची बाजू. मुलाच्या पुढे वडील चालत असते तर वडिलांचं डोकं सायकलवाल्याला २२ मीटरवरून दिसलं असतं, आणि मुलगा त्यांच्या मागे असता. म्हणजे त्याच वेगातही थांबायला जागा मिळाली असती. आपल्याकडे सहलीला लेकरं पुढे पळतात आणि मोठे मागून गप्पा मारत येतात. बागेत ते ठीक आहे. सामाईक वाटेवर वळण आलं की पुढे मोठं माणूस हवं, कारण वरून येणाऱ्याला तेवढंच दिसतं. आणि मोठ्यांनी एका बाजूनं, लेकरांनी दुसऱ्या बाजूनं चालणं हे सर्वांत धोक्याचं. येणारा माणूस मोकळी दिसणारी बाजू धरतो, आणि संकटात लेकरू आईकडे धावतं. दोन्ही गोष्टी अगदी स्वाभाविक आहेत आणि दोन्ही मिळून अपघात घडवतात.

आईच्या हाकेबद्दल गटांत लोक फार टाकून बोलले, ते मला सहन झालं नाही. कुठलीही आई तेच ओरडली असती. म्हणूनच तो शब्द आधी ठरवून, घरी पाठ करून ठेवावा लागतो. त्या कुटुंबानं आता ‘थांब’ ठरवलंय: शब्द ऐकला की जिथे आहोत तिथेच, डोंगराच्या बाजूला पाठ लावून उभं राहायचं. नातीनं त्या दिवशी कुणी न सांगता नेमकं हेच केलं होतं. स्थिर माणसाला चुकवता येतं. दरीच्या बाजूला लेकरांना सरकवू नये हे तर ओघळ बघितल्यावर सांगायलाच नको.

वाट कुणाची

आजोबा एसटीचे निवृत्त चालक. त्यांची निम्मी नोकरी कन्नडच्या औट्रम घाटात गेली. प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन ते जागेवर आले आणि पहिलंच वाक्य बोलले, “चढणाऱ्याला वाट द्यायची, हे पोरांना कुणी शिकवलं नाही का?” घाटात उतरणाऱ्या गाडीनं थांबून चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा रस्त्याचा नियम आहे, मोटार वाहनांच्या नियमांतही तो लिहिलेला आहे. पायवाटेला असा लिहिलेला नियम इथे नाही, पण जिथे अशा वाटा शेकड्यांनी आहेत तिथे तो फार पूर्वी ठरला. अमेरिकेत १९८८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशनचे वाटेचे नियम तेच सांगतात: सायकलवाल्यानं पायी माणसाला वाट द्यायची, दोघांनीही घोड्याला द्यायची, आणि उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला. ॲरिझोनाच्या वाळवंटी डोंगरांत वाटेच्या तोंडाशी या तिघांचा त्रिकोण काढलेली पिवळी पाटी असते. तिथल्या सग्वारो राष्ट्रीय उद्यानात निवडुंगांच्या रानातली सुमारे ४ किलोमीटरची एक वाट सायकल, घोडा आणि पायी चालणारे, तिघांना खुली आहे. पण उद्यानाचा बराच मोठा भाग १९६४ च्या वन्यक्षेत्र कायद्याखाली येतो आणि तिथे सायकल नेताच येत नाही. थोडक्यात, सरसकट बंदीही नाही आणि सरसकट मोकळीकही नाही.

आमच्या टेकडीवर घोडे नाहीत. शेळ्या आहेत. जागेवर आम्ही टेप ताणून उभे असताना शेळ्या घेऊन एक मावशी आल्या आणि टेप बघून थांबल्या. काय चाललंय ते सांगितल्यावर म्हणाल्या, “ते वरून येतेत तवा कळतच नाही बघा. गाडी असली तर आवाज तरी येतो. मागल्या महिन्यात माझं एक करडू उडी मारून खाली गेलं.” त्या वर्षानुवर्षं रोज त्या वाटेनं येतात. खरं तर ती वाट त्यांच्या शेळ्यांच्या खुरांनीच पडलेली आहे. इतक्या दिवसांच्या भांडणात मात्र त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मला याचं फार वाईट वाटलं. कळप आला की सायकलवाल्यानं उतरून, सायकल बाजूला धरून उभं राहायचं, आणि पायी चालणाऱ्यांनीही, हे आम्ही तिथेच ठरवलं. शेळ्या बिथरल्या की खाली, ओघळीकडे पळतात, म्हणून उभं राहायचं ते कळपाच्या वरच्या अंगाला अचानक जाऊन नव्हे, तर त्यांना आधीपासून दिसत राहील असं. हे मावशींनी सांगितलं.

बंदी का नको

बंदीची मागणी करणाऱ्यांशी माझं पटत नाही. या टेकडीवर बंदी राबवायला कोण उभं राहणार? आणि सायकलवाल्या पोरांना वाट बंद केली तर ती उतारावरून नवीन वाट पाडतील. मुरमाच्या उतारावर चाक घसरून पडलेली चरी पहिल्या वळिवात ओघळ होते. शिवाय ही पोरं सकाळी सहाला उठून डोंगरावर येतात. त्यांना तिथून हुसकावून आपण कुठे पाठवणार आहोत?

वेळ वाटून घेण्याचा प्रस्ताव आला. जगात असं होतं: वेल्समधल्या स्नोडन शिखरावर १ मे ते ३० सप्टेंबर या काळात सकाळी १० ते संध्याकाळी ५ पर्यंत सायकली न नेण्याचा स्वेच्छेचा करार आहे. पण तिथला उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांत फरक आहे. मार्चपासून आपल्याकडे डोंगरावर जायची वेळ पहाटे साडेपाच ते नऊ, तेवढीच. नऊनंतर लेकरांना घेऊन कुणी जाऊ नये आणि सायकलवाल्यानंही जाऊ नये. फिनिक्स शहरात तर अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी काही लोकप्रिय डोंगरवाटा दिवसाच बंद ठेवतात. ऊन सगळ्यांना त्याच दोन-तीन तासांत दाटीवाटीनं एकत्र आणतं, म्हणून कोरड्या मुलखात ही टक्कर जास्त होते. वेळ वाटायला वेळच नाही.

तोडगा सुचवला तो विद्यार्थ्यानंच. सायकल चढताना चालत्या माणसापेक्षा थोडीच जोरात जाते, ताशी सहा-सात किलोमीटर. तिचा कुणाला त्रास होत नाही. त्रास आहे तो उतरण्याचा. टेकडीच्या मागच्या अंगानं पूर्वीची बैलगाडीवाट आहे, रुंद आणि मोकळी. रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पायवाटेनं फक्त चढायचं, उतरायचं मागच्या वाटेनं. फेरी लांब पडते, पण त्याच्या गटातल्या बहुतेकांनी ते मान्य केलं. नऊनंतर किंवा इतर दिवशी पायवाटेनं उतरलं तर वळणाआधी वेग १५ च्या आत, ‘वळणावर सायकल’ असा आवाज, आणि माणसं भेटली की पहिल्यानं मागे किती जण आहेत ते सांगायचं: “अजून दोन आहेत.” शेवटच्यानं जाताना “मी शेवटचा”. नुसती घंटी पुरत नाही. घंटी मागून वाजली की माणूस वळून बघतो आणि वळताना वाटेत येतो. शब्द ऐकला तर काय करायचं ते कळतं.

आजोबांनी दगड मांडायचं सुचवलं. वळणाच्या वरच्या बाजूला २५ पावलांवर वाटेच्या दोन्ही कडांना चुना लावलेले दगड, घाटात असतात तसे. दगड दिसला की ब्रेक. जाळी छाटून टाकू असं एक-दोघं म्हणाले, पण जमीन कुणाच्या अखत्यारीतली आहे हे विचारल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही असं ठरलं. तसं पाहिलं तर जाळी तोडली की वेग वाढेल, कारण पुढचं दिसू लागेल.

आजची स्थिती

आजोबांचं प्लास्टर निघालं आहे, मूठ अजून पूर्ण वळत नाही. व्यायाम चालू आहे. कुटुंब परत टेकडीवर जाऊ लागलं आहे. सून पुढे, मुलं मधे, मुलांचे वडील मागे. नातू वळण आलं की स्वतःच “थांब” म्हणतो आणि डोंगराला पाठ लावतो. दगडांना एकदा नवा चुना लावून झाला.

जे सुटलेलं नाही ते बाहेरून येणाऱ्यांचं. गटात नसलेला, पहिल्यांदाच या टेकडीवर आलेला सायकलवाला चुन्याचे दगड बघून नेमकं काय समजेल? वाटेच्या दोन्ही टोकांना मराठी आणि उर्दूत पाटी हवी, पण ती लावायला परवानगी लागते आणि तो अर्ज अजून पुढे सरकलेला नाही. आणि ११ मीटर हा आकडा फेब्रुवारीतला आहे. पाऊस पडला की तरवड फुलतो, गवत कमरेएवढं होतं आणि जाळी दाट होते. त्या दिवसांत मूल दिसण्याचं अंतर आणखी कमी भरणार, मुरूम ओला असणार आणि ब्रेक वेगळे लागणार. श्रावणात आम्ही त्याच काठ्या घेऊन पुन्हा मोजणार आहोत. तोवर सायकलवाल्या पोरांना मी एवढंच सांगितलंय की पहिल्या पावसानंतर १५ चा आकडा विसरा आणि त्या वळणावर खाली उतरून सायकल हातात धरा.